शेजारणीच्या परसातला धूर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या गच्चीवरून धूर निघताना पाहून समोरच्या वहिनी धावतच जिना चढून वर आल्या. "अहो, काय जळतंय? आग-बिग नाही ना लागली?" मी जुन्या लोखंडी कढईत निखाऱ्यांवर करवंट्या धुमसत ठेवल्या होत्या, त्यावर जाळी, जाळीवर मटणाच्या बरगड्या आणि वरून परात पालथी. वहिनींनी परात जराशी उचलून पाहिलं, धूर डोळ्यांत गेला, दोन शिंका दिल्या आणि मग म्हणाल्या, "वास मात्र झकास आहे हो! हे कुठं शिकलात?"

कुठं शिकले ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं. शिवाय त्यात माझी एक चूकही कबूल करायला हवी. पाककृती देणाऱ्या बायका आपल्या चुका सहसा सांगत नाहीत. पण ह्या पदार्थाची सुरुवातच माझ्या चुकीपासून झाली, तेव्हा इलाज नाही.

नऊ नगरींचा मुलूख

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या ह्यांची बदली मलेशियात झाली. गाव सेरेम्बान. क्वालालम्पूरच्या दक्षिणेला मोटारीने तासा-सव्वातासाच्या वाटेवर. ज्या राज्याची ही राजधानी, त्याचं नाव नगरी सम्बिलान. 'सम्बिलान' म्हणजे नऊ, आणि 'नगरी' हा तर आपलाच, संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द. असे शब्द तिथं पावलोपावली भेटतात. चवीला 'रासा' म्हणतात, साखरेला 'गुला', आणि उपासाला 'पुआसा'. बी. ए. ला संस्कृत घेतलं होतं त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला तो सेरेम्बानच्या भाजीबाजारात!

घर बैठं, एकाला एक लागून असलेल्या रांगेतलं. मागे हातभर परस, मग कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे काक. 'काक' म्हणजे मलय भाषेत ताई. माझ्या मुलांना आधी खूप हसू यायचं, कारण आपल्याकडे काक म्हणजे कावळा. पण महिन्याभरात तीच सकाळी उठून "काऽऽक!" म्हणून भिंतीशी पळायला लागली. काक पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, सदा हातात काहीतरी काम असलेल्या. मला 'दिक' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. रोज सकाळी भिंतीवरून पहिला प्रश्न ठरलेला. "सुदाह माकान?" जेवलीस का? आपल्याकडे "काय, झाली का भाजी?" विचारतात ना, तसंच.

काकांचं (हे काकाचं नव्हे, काकचं अनेकवचन!) मूळ घर कुआला पिलाहच्या बाजूच्या खेड्यात. तिकडचे लोक मूळ सुमात्रा बेटावरून आलेले, मिनांगकाबाऊ म्हणतात त्यांना. त्यांच्यात एक रीत आहे, ती ऐकून मी हातातली सुरी खाली ठेवली. वडिलोपार्जित जमीन आणि घर आईकडून मुलीकडे जातं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. काक मुसलमान, पाचही वेळा नमाज पढणाऱ्या, पण जमिनीच्या बाबतीत ही जुनी चाल त्यांच्या गावात अजून पाळतात. "ते घर आजीचं, मग आईचं, आता माझं, पुढे हिचं," असं त्या आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून सहज म्हणाल्या. आणि त्या घराबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट आईकडून आली होती, ती म्हणजे मांसाला धूर द्यायची कला. तिला म्हणतात 'सालाई'.

दागिंग म्हणजे काय?

जूनमध्ये तिथली ईद आली. सासूबाई महिनाभरासाठी आमच्याकडे आल्या होत्या. सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा वर्ज्य. आम्ही बाकीचे मासे-मटण खाणारे, पण त्या असल्या की घरात तेही शिजत नाही.

ईदच्या चार दिवस आधी काकनी मला भिंतीवरून विचारलं, "दिक, दागिंग माकान?" मी तेव्हा नुकतीच खिशातल्या छोट्या शब्दकोशातून मलय शिकत होते. दागिंग म्हणजे मांस. खाता का? सासूबाई सोडून आम्ही खातोच, म्हणून मी मान हलवली. "हो हो, खातो."

ईदच्या आदल्या दिवशी काकच्या परसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत धूर. आणि ईदच्या दिवशी दुपारी झाकलेलं मोठं भांडं भिंतीवरून आमच्याकडे आलं. झाकण काढलं तर हळदीचा पिवळाधमक, नारळाच्या दुधातला रस्सा आणि त्यात बरगड्या. एकेक बरगडी माझ्या वितीएवढी, हाड दोन बोटं रुंद. मी क्षणभर पाहत राहिले. बोकडाची बरगडी एवढी नसते. मग डोक्यात प्रकाश पडला. शब्दकोशात 'दागिंग'चा अर्थ मांस असला, तरी तिथल्या रोजच्या बोलण्यात दागिंग म्हणजे गोमांसच. बोकडाच्या मटणाला वेगळा शब्द आहे, काम्बिंग.

आम्ही ते खात नाही. घरात माळकरी सासूबाई. काक तर भिंतीपाशी उभ्या राहून कौतुकाने माझ्याकडे बघताहेत. मी काय करावं? हसले, "तेरिमा कासिह" म्हणजे धन्यवाद म्हटलं, आणि भांडं आत नेलं. सगळं एका पिशवीत ओतलं, गाठ मारली, आणि अंधार पडल्यावर मागच्या बोळातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. भांडं घासून त्यात बेसनाचे लाडू घालून परत केलं. वाटलं, कुणाचंच मन दुखावलं नाही. किती हुशारीने निभावलं!

पण सेरेम्बानमध्ये माकडं आहेत, हे मी विसरले होते. सकाळी दार उघडून पाहते तर पिशवी फाटलेली, बोळभर पिवळा रस्सा, आणि काकच्या दाराशी त्या वितीएवढ्या बरगड्या पडलेल्या. काक हातात खराटा घेऊन उभ्या. त्यांनी बरगड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. सगळं गोळा केलं, नळी लावून बोळ धुतला आणि आत गेल्या.

दोन दिवस भिंतीवरून "सुदाह माकान?" आलं नाही.

सासूबाईंचा निवाडा

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "ती बाई दोन दिवस बोलत का नाही गं? तू काही बोललीस का?" मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, घरात काय येऊन गेलं हे ऐकून त्या आता रागावणार. रागावल्या खऱ्या, पण भलत्याच गोष्टीवर.

"अन्न फेकलंस? आणि तेही तिला न सांगता?" त्या म्हणाल्या. "तिथंच हात जोडून 'आम्हांला हे चालत नाही' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? मी चाळीस वर्षं माळकरी आहे. लग्नात, जत्रेत, तुझ्या माहेरीसुद्धा 'नको' म्हणत आले. एकानं तरी राग धरला का? नको म्हटल्यानं माणसं दुखावत नाहीत. खोटं हसून घेतलं आणि मागल्या दारानं टाकलं, त्यानं दुखावतात."

एवढं सांगून त्यांनी ओटा मात्र माझ्याकडून दोनदा धुऊन घेतला, हेही लिहिलंच पाहिजे!

संध्याकाळी आम्ही दोघी काककडे गेलो. ईदसाठी घरी आलेली त्यांची लेक दुभाषी झाली. मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. शब्दकोशाची गंमत सांगितली तेव्हा लेक खुदकन हसली. काक हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यापैकी बरेचजण खात नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आधी विचारलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू मला लाडू दिलेस तेव्हा मी विचारलं होतं ना, ह्यात काय काय आहे म्हणून? तुला राग आला का? मला जे चालत नाही ते मी तुझ्याकडे खाणार नाही. तसं तुला चालत नाही ते तू सांग." खरंच होतं. काक आमच्याकडचं मटण कधीच खात नसत, कारण ते हलाल आहे की नाही याची त्यांना खात्री नसे. पण माझी साबुदाण्याची खिचडी मागून घेत. खात्री नसली की सरळ विचारत, आणि मला त्याचं कधीच काही वाटलं नव्हतं. मग माझ्याच तोंडाला कुलूप का लागलं होतं?

निघताना काकनी बोट वर करून विचारलं, "काम्बिंग?" बोकड चालतो ना?

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही खा. मी पायरीवर बसून बघेन."

परसातला रविवार

पुढच्या रविवारी काकनी खाटकाकडून बोकडाच्या बरगड्या आणल्या आणि येताना हार्डवेअरच्या दुकानातून ताराची नवी जाळी आणली. जुन्या जाळीवर गोमांस भाजलेलं होतं म्हणून. मी सुचवलं नव्हतं. जाळीचं वेष्टण माझ्यासमोर फाडून त्यांनी ती उन्हात धरून दाखवली. त्या दिवसापासून ती जाळी आमच्या नावाची झाली.

मसाला पाट्यावरच वाटला. गवती चहाचा खालचा पांढरा बुंधा, छोटे कांदे, लसूण, आलं, ओली हळद, धने, आणि आल्यासारखंच दिसणारं पण कापरासारख्या वासाचं 'लंकुआस', म्हणजे आपल्या काष्ठौषधीवाल्याकडचं कुळिंजन. गोडीला 'गुला मलाका', तो माडाच्या रसाचा गूळ. कोकणात आणि गोव्यात माडाचा गूळ करतात, त्याचाच भाऊ. एकेक जिन्नस ओळखीचा निघत गेला तसतशा सासूबाई पायरीवरून एकेक पायरी खाली सरकत आल्या! हळदीचं पान पाहिलं तेव्हा तर त्या उठूनच आल्या. "अगं, हे तर पातोळ्यांचं पान!"

मुरवलेल्या बरगड्या काकनी फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. अर्ध्या कापलेल्या पिंपात निखारे एका बाजूला सारून त्यांच्यावर नारळाची सोडणं घातली आणि जाळी चांगली हातभर उंच लावली. आच किती हवी हे पाहायला जाळीच्या वर हात धरायचा. सावकाश दहा अंक मोजेपर्यंत हात धरवला तर आच बरोबर. चार-पाचातच हात काढावा लागला तर आच जास्त, मांस वरून करपेल आणि आत चिवट राहील.

बोकडाच्या बरगडीला असे दोन-अडीच तास पुरतात. काक गोमांसाच्या बरगड्या करतात त्यांना सहा-सात तास लागतात, म्हणून ईदच्या आदल्या दिवशी दिवसभर धूर होता. कारण असं की बरगडीच्या मांसात चिवट पडदे फार असतात. मोठ्या आचेवर ते आकसतात आणि मांस रबरासारखं होतं. मंद आचेवर बराच वेळ ठेवलं की तेच पडदे विरघळून मऊ चिकट रस होतो. पायाचं सूप गार झालं की थिजतं ना, तोच हा पदार्थ.

मध्येच चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला आणि सोडण भडकलं. सासूबाई पायरीवरून ओरडल्या, "सोडण भिजवून घाल म्हणावं! गोठ्यात धूर करायला आम्ही ओलंच घालायचो!" मी भाषांतर करायला तोंड उघडणार तो काकच्या हातातला पाण्याचा तांब्या सोडणावर ओतून झालाही होता. दोघी एकमेकींकडे बघून जे हसल्या! एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, एक मांसाला शिवत नव्हती, आणि तरी धुराच्या बाबतीत दोघींचं एकमत.

धूर दिलेल्या बरगड्या मग नारळाच्या रश्श्यात सोडल्या. ह्या रश्श्याला म्हणतात 'मासाक लमाक चिली आपी'. त्यात लवंगी मिरचीसारख्या इवल्याशा आणि जहाल मिरच्या. आंबटपणाला 'आसाम केपिंग', म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. ते झाड आपल्या रातांब्याच्याच कुळातलं. आम्ही जेवलो. सासूबाईंसाठी काकनी नव्या भांड्यात, नव्या पळीने साधा भात आणि फणसाची भाजी त्याच मसाल्यात, पण धुराविना, वेगळी केली होती. भाजीत सुकी कोळंबी घालायची त्यांची सवय, ती आठवणीने टाळली होती. सासूबाईंनी आधी विचारून घेतलं, मग दोनदा वाढून घेतलं.

आता आपल्या घरी

२०२१ च्या अखेरीस आम्ही चिपळूणला परत आलो. गायींबरोबर बैलांचीही कत्तल आणि त्यांच्या मांसाची विक्री महाराष्ट्रात २०१५ पासून कायद्यानेच बंद आहे, आणि आमच्या घरात तो प्रश्न नव्हताच. मी बोकडाच्या बरगड्यांवरच हा पदार्थ बसवला. आपल्या घरात दोन-अडीच तास शेगडीपाशी बसायला कुणाला सवड नसते, म्हणून मऊ करायचं काम कुकरकडे आणि वासाचं काम धुराकडे दिलं आहे.

साहित्य : बोकडाच्या बरगड्या १ किलो (मटणवाल्याकडे 'चाप' म्हणून मागाव्यात).

मुरवणासाठी : गवती चहाचे पांढरे बुंधे ४, छोटे कांदे १०, लसूण ८ पाकळ्या, आलं १ इंच, कुळिंजन १ इंच (ओलं न मिळाल्यास आलंच दुप्पट घ्यावं, वास थोडा बदलतो पण बिघडत नाही), ओली हळद १ इंच किंवा पूड १ चहाचा चमचा, धने १ मोठा चमचा, गूळ २ मोठे चमचे, चिंचेचा कोळ २ मोठे चमचे, सोया सॉस २ मोठे चमचे, मीठ दीड चहाचा चमचा.

रश्श्यासाठी : १ मोठ्या नारळाचं दूध (जाड १ वाटी, पातळ २ वाट्या), लवंगी मिरच्या ८ ते १० (सोसेल तशा), ओली हळद १ इंच, गवती चहाच्या २ काड्या ठेचून, हळदीचं पान १, आमसुलं ३-४, चवीला मीठ.

कृती : मुरवणाचं साहित्य बारीक वाटून बरगड्यांना चोळावं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी अर्धी वाटी पाणी घालून कुकरला तीन शिट्या द्याव्यात. कोवळं मटण असेल तर दोन पुरतात. धूर द्यायला हाडापासून सुटलेलं मांस चालत नाही. बरगड्या बाहेर काढून जाळीवर पंख्याखाली अर्धा तास कोरड्या होऊ द्याव्यात. ओल्या मांसावर धूर नीट बसत नाही, नुसता कडवटपणा येतो. कुकरमधला रस टाकू नये, तो रश्श्यात जातो.

जुन्या लोखंडी कढईत आठ-दहा निखारे पांढरी राख धरेपर्यंत फुलवावेत. त्यावर करवंटीचे तुकडे आणि ओलं केलेलं मूठभर सोडण घालावं. वर जाळी, जाळीवर बरगड्या, आणि परात पालथी घालून एका बाजूला बोटभर फट ठेवावी. पाऊण तासात एकदा उलटाव्यात, दर पंधरा मिनिटांनी थोडं सोडण घालावं. बरगड्यांना तांबूस-सोनेरी रंग आला पाहिजे. काळा रंग म्हणजे आपली चूक.

रश्श्यासाठी मिरच्या आणि हळद वाटून पातळ दुधात घालावी. ठेचलेला गवती चहा आणि कुकरमधला रस घालून उकळी आणावी. त्यात बरगड्या सोडून दहा-बारा मिनिटं मंद शिजू द्याव्यात. जाड दूध आणि हळदीचं पान शेवटी घालावं आणि मग खळखळून उकळू नये, दूध फुटतं. आमसुलं उतरवताना घालावीत, नाहीतर पिवळा रंग तांबूस होतो. गरम भाताबरोबर वाढावं.

हे विसरू नका

बंद खोलीत किंवा खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात कोळसा कधीही पेटवू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस गुंगीतच जातो. गच्ची, अंगण, परस हीच जागा. निखारे पाणी ओतून पूर्ण विझवल्याशिवाय उठू नये.

रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, राळ असलेलं देवदाराचं लाकूड धुराला वापरू नये. करवंटी, सोडण, आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या काटक्या उत्तम.

कच्चं मुरवलेलं मांस ओट्यावर रात्रभर ठेवू नये. आपल्या हवेत ते सकाळपर्यंत बिघडायला लागतं. उरलेलं कच्चं मुरवण उकळल्याशिवाय रश्श्यात घालू नये.

पूर्वी धूर देत तो मांस टिकावं म्हणून. खूप मीठ, दिवसच्या दिवस धूर आणि वाळवण, असा तो खटाटोप असे. आपला पाऊण तासाचा धूर फक्त वासाचा आहे. त्याच्या भरवशावर मांस बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

आणि हे रोजचं जेवण नव्हे. धुरात आणि करपलेल्या चरबीत शरीराला अपायकारक द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला, त्यात धुरावलेलंही आलं, कर्करोगकारक ठरवलं आहे. तेव्हा वर्षाकाठी दोन-चारदा, हौसेने, आणि काळा झालेला भाग खरवडून टाकून.

डब्याचं झाकण

मी दुपारच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत मुलांबरोबर बसते. आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी डब्याचं झाकण अर्धंच उघडून, हाताच्या आडोशाने जेवायची. काय आणलंय म्हणून कुणी पाहिलं की झाकण बंद. तिच्या घरी सुकवलेलं मांस खातात, आणि मागच्या शाळेत कुणीतरी नाक धरलं होतं, एवढं मला नंतर कळलं. मी काही भाषण दिलं नाही. एक दिवस वर्गाला माझी माकडांची गोष्ट सांगितली, आणि पुढचा आठवडाभर त्यांच्याशी एक खेळ खेळले. शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते विचारायचं. चालत असेल तर "हो", चालत नसेल तर "मला नको" म्हणायचं. नाक मुरडायचं नाही, आणि खोटं 'हो' म्हणायचं नाही. ती मुलगी अजून झाकण पूर्ण उघडत नाही. पण परवा तिने स्वतःहून मला विचारलं, "बाई, तुम्हांला जवळ्याची चटणी चालते?" मी म्हटलं, "चालते."

त्या रविवारी गच्चीवर वहिनींनी सगळी हकीकत ऐकली, तोवर बरगड्यांना छान रंग आला होता. मी ताटलीत एक काढून पुढे केली. वहिनी म्हणाल्या, "आज माझी संकष्टी आहे हो. मला नको. पण उद्यासाठी एक वाटी ठेवाल का?"

मी वाटी भरून झाकून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी सकाळी दुधाच्या पिशव्या आत घ्यायच्या आधीच वहिनी दारात हजर होत्या.